काचेचं पोट आणि निळा दोरा

४ जानेवारी

भिंगरीस,

तुझं पाकीट पोचलं. तिकीट होतं, पत्ता बरोबर होता, चिकटवलंही नीट होतं. फक्त आत पत्र नव्हतं. मास्तरांनी पाकीट उलटं करून झटकलं, खिडकीशी धरून पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते खाल्लं. मला अक्षर ओळखता येत नाही हे खरं आहे. पण रिकाम्या पाकिटात काही लिहिलेलं नसतं, एवढं मलाही वाचता येतं. तू इतकी शिकलीस, आता पत्र पाकिटात घालायला शिकवणारं एखादं कॉलेज निघालं तर तिथेही नाव घाल.

मास्तर म्हणजे आपल्या तळमजल्यावरचे शिंपी. तू लहान असताना तुझे फ्रॉक शिवायचे तेच. आधी माझी पत्रं लिहायची ती शेजारीण मुलाकडे राहायला गेली, म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं. दुपारी दुकानाचं दार ओढून घेतात आणि वर येतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं, माझ्या तोंडून निघेल ते सगळं लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि माझं काही गाळायचं नाही. माणूस शब्दाचा इतका पक्का की मघाशी मला शिंक आली तर विचारतात, हीसुद्धा लिहू का.

फोन का घेत नाहीस, असं विचारू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू घाईत गिळतेस. पत्र बरं. न कळलेलं परत वाचून घेता येतं.

तू पाठवलेली सफरचंदं मिळाली. फार गोड होती. मास्तरांच्या घरीही सगळ्यांना आवडली.

तुझी आई दर आठवड्याला फोनवर ओरडते, घास अडकतो का, घास अडकतो का. अगं, म्हाताऱ्या माणसाचा घास, तोही म्हातारा. जिना उतरल्यासारखा उतरतो. मध्ये थांबतो, कठड्याला धरतो, दम खातो, परत निघतो. त्यात डॉक्टरनं काय बघायचंय? पण तिनं परस्पर फेब्रुवारीतली वेळ घेऊन टाकली. नळी घालून बघणार म्हणे. मी जाणार नाही, हे तिला तू सांग, माझं ती ऐकत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला नाकातून नळी घातली होती ती शेवटपर्यंत निघाली नाही. अख्खा हिवाळा तिच्या जिभेवर काही पडलं नाही. नर्स पिचकारीनं पांढरं पाणी आत ढकलायची, आणि ही विचारायची, आज काय होतं गं?

तू दिलेला निळा गाऊन धुऊन धुऊन सैल झाला. हल्लीचं कापडच तसं. मास्तरांनी तो दोन्ही बाजूंनी आत घेतला.

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात, म्हणजे ज्यात पाकीट आणि पत्र दोन्ही होतं त्यात, तू लिहिलं होतंस की तुमच्या प्रयोगशाळेत एक काचेचं पोट आहे आणि तुम्ही त्याला फुलं खाऊ घालता. मी हे जिन्यात दोघी शेजारणींना सांगितलं. एकीला वाटलं, तुझं डोकं फिरलं. दुसरीला वाटलं, माझं. नीट समजावून लिही, म्हणजे निकाल लागेल.

आजी

•

१५ जानेवारी

आजी,

ते पत्र माझ्या डब्याच्या पिशवीत सापडलं, चमच्याला चिकटलेलं. सोबत घातलं आहे, पण त्यात तुझी तब्येत विचारण्यापलीकडे काही नाही.

काचेच्या पोटाबद्दल. टेबलावर तीन काचेची भांडी असतात, एकाला एक नळीनं जोडलेली, आणि तिन्ही आपल्या अंगाइतकी कोमट. पहिलं म्हणजे तोंड. त्यात आम्ही बनवलेली लाळ असते. दुसरं जठर, त्यात आम्ल आणि पाचक रस. तिसरं आतडं, त्यात पित्त. खालून एक यंत्र ते सगळं सावकाश ढवळत राहतं. जेवणाच्या जागी आम्ही खाता येणारी फुलं घालतो, लाल जास्वंद, झेंडू, पॅन्सी, नॅस्टर्शियम.

कशासाठी, तर या फुलांचा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती तब्येतीला चांगली असावीत असं बरेच जण मानतात, आणि फुलात ती भरपूर असतात. पण फुलात आहे म्हणजे आपल्याला मिळालं असं होत नाही. जास्वंदीचा लाल रंग जठराच्या आम्लात आणखी लालभडक होतो. बघायला फार छान दिसतं. तेच पाणी तिसऱ्या भांड्यात गेलं की आधी जांभळं होतं, मग मळकट, आणि थोड्या वेळानं डबक्यातल्या पाण्यासारखं. बराचसा रंग तिथे मोडून जातो. झेंडूचं पिवळं तर तेलाचा थेंब असल्याशिवाय पाकळीतून सुटतच नाही. पचनाच्या या सगळ्या वाटेवरून जाऊन शेवटी शरीराला उचलता येण्याजोगं काय उरतं, ते मोजणं हे माझं काम.

आता अडचण. काचेच्या पोटाला दात नाहीत. आम्ही पाकळ्या मिक्सरमधून काढतो. आमचे साहेब म्हणतात, माणसाचं तोंड म्हणजे मिक्सर नव्हे, आणि कवळी लावणाऱ्या माणसाचं तर नव्हेच. म्हणून आम्ही कवळी लावणारी म्हातारी माणसं गोळा करतोय. तू त्यांतली एक.

सोबत पाठवलेल्या डब्यात पाकळ्यांच्या पुड्या आहेत आणि एक बाटली, आत थोडं औषधी पाणी. एकेक पुडी तोंडात घालायची, नेहमीसारखी चावायची आणि आता गिळावंसं वाटतंय असं झालं की बाटलीत थुंकायची. गिळायचं नाही. झाकण घट्ट लावून पाठवून दे. मी ते चाळण्यांतून गाळीन. तुकडा किती बारीक झालाय यावरून चावणारा कसा जेवतो ते बऱ्यापैकी कळतं. म्हणजे तुझ्या तोंडून जे कळत नाही ते तुझ्या बाटलीतून कळेल, आणि आईला सांगायलाही काहीतरी होईल.

डॉक्टरची वेळ वीस फेब्रुवारीची आहे. जा. आणि घास अडकतो का याचं उत्तर जिना मध्ये न आणता दे.

भिंगरी

•

२७ जानेवारी

भिंगरीस,

बाटली आजच पाठवली. जेवताना तोंडातलं थुंकलीस म्हणून लहानपणी तू माझ्या हातचे धपाटे खाल्लेस. आता त्यालाच संशोधन म्हणतात. माझे धपाटे फुकट गेले म्हणायचे.

तू चव लिही असं सांगितलं नाहीस, पण मी सांगते. झेंडू म्हणजे औषधाच्या कपाटात कुणीतरी गवत विसरून गेल्यासारखा. जास्वंद आंबट आणि बुळबुळीत. पॅन्सीला चवच नाही, नुसतं तोंड बघत बसायचं. आणि ते शेवटचं, ज्याचं नाव घेताना कवळी निसटते, ते मिरीसारखं झणझणीत आहे असं मास्तर म्हणतात. म्हणजे मी म्हणते. मास्तर, ते खोडा. म्हणतात, खोडायचं नाही असं ठरलंय. बरं, राहू दे.

तुझ्या काचेच्या पोटाची मला दया आली. बिचाऱ्याला तीन भांडी आहेत, पण जीभ एकातही नाही. जे येतं ते नळीतून. त्यानं कुणाला विचारायचं, आज काय होतं म्हणून? तुम्ही त्याला इतकी रंगीत फुलं घालता, त्यापेक्षा भुसा घाला, त्याला काय कळतंय. जिन्यातल्या दोघींना मी सगळं समजावलं. आता दोघींनाही वाटतंय, तुझंच डोकं फिरलंय. माझी सुटका झाली.

घासाचं म्हणशील तर बाटली बघ आणि मग बोल. तूच म्हणालीस ना की बाटली सांगते. तिचं ऐक. माझं खोटं वाटतं, काचेचं खरं वाटतं, अशी तुमची पिढी.

वीस तारखेचं तुझ्या आईला कळव. बाटली बघून कळव.

आजी

•

१० फेब्रुवारी

आजी,

तुझी बाटली काल चाळली. माझा विश्वास बसेना म्हणून वजनं पुन्हा करून घेतली. आतापर्यंत आलेल्या सगळ्या बाटल्यांत तुझ्याइतकं बारीक कुणीच चावलेलं नाही. बाकीच्यांच्या पाकळ्या नखाएवढ्या तुकड्यांनी येतात. तुझ्या जवळजवळ वाटल्यासारख्या आहेत. काचेच्या पोटात घातल्या तर रंग लगेच सुटला आणि शेवटच्या भांड्यापर्यंत इतरांपेक्षा जास्त टिकला. आमच्या साहेबांनी विचारलं, या बाई कोण. मी म्हटलं, घरच्याच आहेत.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. एवढं चावून खाणारी बाई उपाशी कशी असेल, हे तिलाही पटलं. वीस तारखेची वेळ तिनं रद्द केली. तुला हवं होतं तसं झालं.

मी या आठवड्यात आणखी सफरचंदं पाठवते. तुझ्या दातांना काम हवं.

भिंगरी

•

२ मार्च

भिंगरीस,

पत्र मिळालं. मास्तरांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज बसला होता. हवा बदलतेय.

वेळ रद्द झाली, बरं झालं.

सफरचंदं पाठवणं थांबव. पेटी आहे तशी आहे. मास्तरांची माणसं तरी किती खातील? शिजवून, गाळून, पातळ केलेलं असलं की मला बरं पडतं. तेही सकाळचं बरं, दुपारी कंटाळा येतो.

निळा गाऊन पुन्हा आत घेतला. मास्तर म्हणतात, आता शिवणीत जागा उरली नाही, यापुढे कापावाच लागेल. मी म्हटलं, कापू नका, पोरीनं हौसेनं आणलाय.

एक विचारायचं होतं. तुझ्या त्या पोटात कधी काही अडकतं का? अडकलं तर तुम्ही काय करता? मी आपलं सहज विचारते.

आज एवढंच. जास्त बोललं की खोकला येतो. मास्तर, खोकला लिहायची गरज नव्हती.

आजी

•

९ मार्च

आजी,

मास्तरकाका, हे पत्र मोठ्यानं आणि न थांबता वाचा. तुमचं नाव येईल तिथेही थांबू नका.

चाळणीवर उरलेला गाळ आम्ही जपून ठेवतो, फोटो काढायला. परवा तुझ्या बाटलीतला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात दोरा निघाला. पापणीच्या केसाएवढा, निळा. आधी मला वाटलं, माझ्याच कोटाचा असेल, पण आमचे कोट पांढरे. मग मी त्याचं टोक पाहिलं. कात्रीनं कापलेला दोरा सरळ तुटतो. हा चपटा झाला होता आणि त्याचे तंतू पिंजले होते. दातानं तोडलेला.

तो निळा रंग मला माहीत आहे. गाऊन मीच आणला होता. आणि दातानं दोरा कोण तोडतं, तेही मला माहीत आहे. कात्री गळ्यात अडकवलेली असताना दात कशाला, यावरून तू मास्तरकाकांना माझ्या समोर कितीतरी वेळा टोकलं आहेस.

मग मी तुझी पत्रं काढून पुन्हा वाचली. मिरीसारखं झणझणीत आहे असं मास्तर म्हणतात. हे सत्तावीस जानेवारीला माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं आणि मी हसले होते. गाऊन आत घेतला, मग पुन्हा आत घेतला. सफरचंदं मास्तरांच्या घरी. सगळं लिहिलेलंच होतं. मी बाटलीवर विश्वास ठेवला आणि पत्रांवर ठेवला नाही.

तुझी ओळ मी तक्त्यातून काढून टाकली. साहेबांना सांगितलं की नमुना दुसऱ्या माणसाचा निघाला. ते म्हणाले, वाईट झालं, पण होतं असं. त्या बाबतीत आता काही उरलं नाही, माफीही मागू नकोस. दुसरं मात्र उरलं आहे. त्या बाटलीवर विसंबून मी तुझी वेळ रद्द होऊ दिली, आणि त्याला चार आठवडे होत आले.

तू विचारलंस, पोटात अडकलं तर काय करता. अडकतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भांड्यामधली नळी पाकळ्यांनी तुंबते. तेव्हा आम्ही यंत्र थांबवतो, नळी उजेडात धरतो, कुठे तुंबलीय ते बघतो आणि तेवढी जागा मोकळी करतो. बघितल्याशिवाय कुणी काही ठरवत नाही. फेकत तर नाहीच.

आता नळीबद्दल. मावशीआजीच्या नाकात होती ती जेवण घालायची नळी. ती राहण्यासाठीच घालतात. तुला घालणार ती बघायची नळी. तिच्या टोकाला दिवा असतो आणि एक बारकासा कॅमेरा. तोंडातून जाते, बघते आणि त्याच वाटेनं बाहेर येते. तू त्याच दिवशी दुपारी घरी असतेस. या दोन वेगवेगळ्या नळ्या आहेत हे तुला कुणी सांगितलं असेल असं मी धरून चालले होते, आणि आईनंही तसंच धरलं असणार. तू इतके दिवस कशाला घाबरत होतीस ते मला दोरा बघून पत्रं पुन्हा वाचल्यावर समजलं.

काय निघेल ते मला माहीत नाही. साधंही निघेल, वाईटही निघेल. बरंच निघेल असं मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. जे असेल ते अडलेल्या घासामागे लपून राहणार नाही, एवढंच माहीत आहे.

आईनं सोळा तारखेची वेळ घेतली आहे. ती आदल्या दिवशी येते. मी येऊ का, ते तू सांग.

भिंगरी

•

१२ मार्च

भिंगरीताई,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहितोय. मला त्याची सवय नाही, सांभाळून घ्या. आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, आज मला बोलायचं नाही, तुमचं तुम्ही लिहा, मी काही ऐकणार नाही. आणि ऐकत बसल्या आहेत.

तुमचं पत्र मी न थांबता वाचलं. माझं नाव आलं तिथेही थांबलो नाही.

पहिली पुडी आजींनी स्वतःच तोंडात घातली होती. गाल बसल्यामुळे कवळी हलते, ती दोनदा निसटली. मग पाकळी टाळूला चिकटली आणि ठसका लागला. तो थांबेपर्यंत मी पाण्याचा पेला धरून उभा होतो. पाणीसुद्धा सावकाश जात होतं. मग त्यांनी उरलेल्या पुड्या माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाल्या, मास्तर, तुमचे दात चांगले आहेत, ते आज घराण्याच्या कामी येऊ द्या. गाऊन माझ्या मांडीवरच होता. मला नाही म्हणता आलं नाही. बारीक चावायला त्यांनीच सांगितलं. आणखी बारीक, आणखी बारीक, असं म्हणत होत्या. मी जरा जास्तच चावलं.

तुमचं वाचून झाल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. नंतर म्हणाल्या, ते नळीचं पुन्हा वाचा. मी वाचलं. म्हणाल्या, बाहेर येते असं लिहिलंय? मी म्हटलं, हो. म्हणाल्या, येईल असं लिहिलंय की येते असं? मी म्हटलं, येते असं. बोट कुठे आहे तुमचं, दाखवा. मी त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी त्याच्यावर आपलं बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

मग म्हणाल्या, गाऊन आणा. मला वाटलं, कापायचा. म्हणाल्या, कापायचा नाही, उसवा. आत घेतलेलं सगळं सोडून ठेवा. अंग भरून लागलं तर असू दे. नाही लागलं तर सैल गाऊनमध्ये जाईन, मला कुणाला बघायला बोलवायचंय?

सोळाला त्या जातील. तुम्ही येऊ नका असं सांगताहेत. पोट सांभाळा म्हणतात, तुमचं काचेचं. पण तुम्ही आलात तर हाकलून देणार नाहीत, हे माझ्या पदरचं.

आपला,
तळमजल्यावरचा शिंपी

•

४ एप्रिल

भिंगरीस,

तू येऊन गेलीस आणि जाताना छत्री विसरलीस. दवाखान्यात डॉक्टरशी इतक्या मोठमोठ्या शब्दांत बोलत होतीस, मला वाटलं, या पोरीला सगळं लक्षात राहतं. छत्री दारामागे आहे. न्यायला ये, पाठवणार नाही.

तू निघालीस त्यानंतरचं सांगते. नळीतून तपासायला काढलेल्या त्या तुकड्याचा अहवाल आला. तुझी आई दाराबाहेर जाऊन वाचत होती. मी म्हटलं, आत येऊन वाच, मला वाचता येत नाही म्हणून मला घाबरायचं कारण नाही. त्यात वाईट काही नाही. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन येऊन घशाखालची वाट आतून आवळत गेली, एवढंच. मी त्याला जळजळ म्हणत होते आणि वरून पाणी पीत होते. डॉक्टर म्हणाला, आजी, तुमची वाट पेन्सिलीएवढी उरली होती. मी म्हटलं, मग बरंय, मी कुठे लिहायला शिकले होते.

ती आवळलेली वाट रुंद करायला आत फुगा फुगवला तेव्हा तू बाहेर होतीस. या वयात माझ्या घशात कुणी फुगा फुगवील असं वाटलं नव्हतं. मला तर गुंगीच होती. जाग आली तेव्हा पहिल्यांदा नाकाला हात लावला. नाक मोकळं होतं. मग तोंडाला लावला. तेही मोकळं. म्हटलं, पोरीनं खरं लिहिलं होतं. डॉक्टर म्हणतो, वाट पुन्हा आवळेल, तेव्हा पुन्हा यावं लागेल. येईन की. बाहेर येणारी नळी आहे म्हटल्यावर माझं काय जातंय.

कवळीच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. त्यानं खालून काहीतरी भरलं. आता बोलताना टाळ्या वाजत नाहीत. मास्तर म्हणतात, वाजायच्या तेव्हा लिहायला लय सापडायची.

आता ऐक. या पत्राबरोबर एक बाटली येईल. तू मागितली नव्हतीस. मास्तरांनी चावून झाल्यावरही त्या पहिल्या डब्यात दोन पुड्या उरल्या होत्या, एक झेंडूची आणि एक जास्वंदीची. त्या मी चावल्या. मास्तरांना मी दार उघडं ठेवून समोरच्या खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर, तोंड बंद, आणि साक्षीला जिन्यातल्या दोघी. चावताना दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी सर्कशीत आहे. बारीक नाही झालं. जाडंभरडं आहे. एक पाकळी तर तशीच्या तशी निघाली, तिला काय झालं कुणास ठाऊक. पण माझं आहे. तक्त्यात घेता येत नसेल तर नको घेऊस, पुड्या जुन्या झाल्यात हे मलाही कळतं. तू नुसती चाळ आणि बघ. तुला कळलं पाहिजे, मी कशी चावते. आणि दोरा शोधू नकोस, नाही मिळायचा.

काचेच्या पोटाला माझा निरोप सांग. म्हणावं, तुझं चांगलं चाललंय, तुझ्याकडे बघायला माणसं आहेत. मीही तुझ्यासारखीच, पण मला जीभ आहे. काल मी पोळी खाल्ली. आधी नुसती तोंडात धरून ठेवली. तुझ्या आईनं विचारलं, गिळत का नाहीस, अडकली का? मी म्हटलं, नाही, चव बघतेय. तिला रडू आलं. मला कळेना, पोळीत रडण्यासारखं काय आहे. मास्तर, हे लिहिलंत का? लिहिलंय म्हणतात.

निळा गाऊन मास्तरांनी उसवून ठेवला होता. तो मला अजून सैल होतो. ते विचारतात, पुन्हा आत घेऊ का? मी म्हटलं, थांबा. आधी मी अंगानं भरते, की तुम्ही आत घेता, बघू.

येताना सफरचंदं आण. येणार नसशील तर पाठव. शिजवून नको, किसून नको, फोडी करून तर मुळीच नको. अख्खी पाठव. मास्तरांसाठी वेगळी पेटी पाठव आणि तिच्यावर त्यांचं नाव घाल. माझ्या वाट्याचं त्यांचं एकदा चावून झालंय.

आजी